थट्टेचा अधिकार

दोन जिवलग मित्रांच्या संभाषणात जितका अनादर आढळतो, तितका दोन वैऱ्यांच्या संभाषणातही आढळत नाही. वैरी एकमेकांना 'अहो-जाहो' करतात. मित्र मात्र बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राचे स्वागत 'आहेस का अजून जिवंत?' अशा प्रश्नाने करतो. वाढत्या पोटाची व विरळ होत चाललेल्या केसांची चौकशी चारचौघांत होते आणि ती ऐकून राग येण्याऐवजी बरे वाटते. उलट, तोच मित्र एखाद्या दिवशी अदबीने बोलू लागला, तर कुठेतरी बिनसले आहे, हे ओळखण्यास वेळ लागत नाही.

ही विसंगती वरवरची आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एकाने थट्टा करावी आणि दुसऱ्याने तिचा राग मानू नये, असे काही नात्यांत रूढीच ठरवून देते. कोठे ही मुभा दोन्ही बाजूंना असते, तर कोठे एकालाच, असे त्यांनी दाखवून दिले. दीर-भावजयीची किंवा मेहुण्याची थट्टा ज्यांनी पाहिली आहे, त्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. मैत्रीत मात्र हा अधिकार जन्माने वा लग्नाने प्राप्त होत नाही. तो सहवासाने मिळवावा लागतो आणि सांभाळावाही लागतो.

मराठी भाषेने या सांभाळण्याचे बारकावे अचूक टिपले आहेत. थट्टा आणि मस्करी यांत स्नेहाचा ओलावा आहे. टिंगल आणि टवाळी यांत तो आटत जातो. कुचेष्टेत तर त्याचा मागमूसही उरत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे मित्र वाचकाला आपलेसे वाटतात, याचे कारण त्यांच्यातील कोणीच हास्यापासून सुरक्षित नाही. उलट बोलण्याची मोकळीक हाच निर्मळ थट्टेचा प्राण होय.

ही मोकळीक नाहीशी झाली की शब्द तेच राहतात, अर्थ मात्र पालटतो. वसतिगृहात नवागताला घेरून हसणारी वरच्या वर्गातील मुले 'आम्ही गंमतच केली' असे सांगतात. परंतु त्या नवागताला उलट गंमत करण्याची सोय नसते. महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या रॅगिंगविरोधी कायद्याच्या व्याख्येत मारहाणीच्या धमकीबरोबरच चिडवणे आणि खोड्या काढणे यांचाही समावेश आहे, तो विनाकारण नव्हे. कचेरीत वरिष्ठाने कनिष्ठाच्या जातीवरून, बोलीवरून वा रंगावरून केलेला 'विनोद' याच जातीचा. तेथे ऐकणारा हसतो, परंतु ते हसणे नाइलाजाचे असते.

म्हणून थट्टेची कसोटी हशाच्या मोठेपणावर लागत नाही. जिवलग मित्राला आपल्या मित्राचे मर्म नेमके ठाऊक असते. कोणाचे लग्न जमत नाही, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सारे त्याला माहीत असते. आणि दिवसभर चेष्टा करूनही तो तेथे बोट ठेवत नाही. मैत्रीची खरी खूण त्या न उच्चारलेल्या विनोदात असते.