परसबागेतील काकडी : म्हैसूरच्या हवामानातील लागवड

काकडी ही मूळची भारतीय वनस्पती होय. हिमालयाच्या पायथ्याशी आढळणारी, लहान व कडू फळांची एक रानटी जात ही तिची पूर्वज मानली जाते. बी रुजण्यास सोपे, वाढ झपाट्याची आणि दीड-दोन महिन्यांत फळ हाती, यामुळे भाजीपाला प्रथमच लावू पाहणारे अनेकजण काकडीपासून प्रारंभ करतात. तरीही बहुतेकांची तक्रार एकच असते. वेल चांगला वाढतो, पिवळ्या फुलांनी भरून जातो, परंतु फळ धरत नाही. या अपयशाचे मूळ खतपाण्यापेक्षा फुलांच्या रचनेत आणि बियाण्याच्या निवडीत शोधावे लागते.

म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर वसले आहे. येथील हिवाळा सौम्य असून, मार्च-एप्रिलमधील उन्हाळाही विदर्भ-मराठवाड्याइतका प्रखर नसतो. काकडीला 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते. साहजिकच येथे ती वर्षातील बहुतेक काळ घेता येते. मात्र सरासरी सुमारे 800 मिलीमीटर पावसाचा मोठा वाटा मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत पडतो. ऐन फळधारणेच्या वेळी ही झड आल्यास पानांवर केवडा रोग बळावतो. म्हणून नवोदिताने पहिली पेरणी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी करणे श्रेयस्कर. एप्रिलपर्यंत तोडणी उरकते.

बियाणे घेताना नावांचा घोटाळा टाळावा. कन्नडमध्ये ‘सौतेकायी’ हा शब्द व्यापक आहे. कोशिंबिरीची काकडी म्हणजे ‘मुळ्ळुसौते’, अर्थात काटेरी सौते. तर सांबारात घालतात ती पिवळसर, पट्टेदार ‘मंगळूर सौते’ वनस्पतिशास्त्रदृष्ट्या खरबुजाच्या कुळातील, निराळ्या जातीची आहे. महाराष्ट्रातून जाताना बी न्यायचे असल्यास पूना खीरा, राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि फुले शुभांगी किंवा दापोलीची शीतल हे वाण परिचित आहेत.

याहून महत्त्वाचा भेद वेगळाच आहे. बाजारातील काही महागडी संकरित बियाणी हरितगृहासाठी तयार केलेली असतात. त्यांच्या वेलांना जवळजवळ केवळ मादी फुले येतात आणि परागीभवनाविना बिनबियांची फळे धरतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सीडलेस कुकुंबर-6’ हा वाण याच प्रकारचा. काही संकरित वाणांना मात्र मादी फुलेच अधिक येत असली, तरी परागकणांची गरज असते. अशा वेलाशेजारी साध्या वाणाचा एखादा वेल नसल्यास फळ धरत नाही. पाकिटावरील मजकूर खरेदीपूर्वीच वाचणे इष्ट.

गच्चीवर लागवड करावयाची झाल्यास किमान 20 लिटर मातीची, तळाशी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. येथील तांबडी माती निचऱ्यास उत्तम. पण ती लवकर कोरडी पडते. तीत निम्म्याच्या आसपास कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि थोडा नारळाचा भुसा मिसळावा. बी दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावे, दोन-तीन रोपांपैकी सशक्त ते एकच ठेवावे आणि वेल सुतळीच्या आधाराने वर चढवावा.

नर फूल, मादी फूल

साध्या वाणात एकाच वेलावर नर व मादी फुले स्वतंत्रपणे येतात. प्रथम येतात ती नर फुले. आठ-दहा दिवस केवळ तीच उमलतात व गळून पडतात. नवोदित येथेच धीर सोडतो आणि खताचा हात सैल करतो. परिणाम उलटा होतो. नत्र अधिक झाल्यास पाने माजतात व मादी फुलांना विलंब होतो. मादी फूल ओळखणे अवघड नाही. तिच्या पाठीशी, देठावर, बोटाच्या पेराएवढी इवली काकडी असते.

फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. या अवधीत मधमाशीने वारंवार भेट देऊन पुरेसे परागकण पोहोचविले, तर फळ सरळ व भरीव होते. अपुरे पोहोचल्यास एका टोकाला बारीक, वाकडे राहते. न पोहोचल्यास पिवळे पडून गळते. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या क्वचितच फिरकतात. अशा वेळी सकाळी दहापूर्वी ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावेत. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी टाळावी. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा आणि भुंग्यांसाठी सकाळी हाताने वेचणी पुरेशी ठरते. भुरी दिसताच गंधक फवारण्याचा मोह होतो, पण काकडीवर्गीय वेलांची पाने त्याने भाजतात.

कडूपणा आणि तोडणी

काकडी कडू होते ती कुकरबिटॅसिन या द्रव्यामुळे. पाण्याची ओढ व तीव्र उष्णता यांनी ते वाढते, म्हणून कुंडीस उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळ मुळाशी पाणी द्यावे. हे द्रव्य देठाकडे अधिक साठते. टोक कापून, चोळून फेस काढण्याच्या आपल्या प्रथेत कापण्याचा भाग खरोखरच उपयुक्त आहे. फेसाचा गुण तितका सिद्ध झालेला नाही. चव घेऊनही कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. कडू दुधीच्या रसामुळे झालेल्या विषबाधांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही असा रस न पिण्याचा सल्ला दिला होता.

तोडणीत दिरंगाई परवडत नाही. एक फळ वेलावर पिकू दिले, तरी पुढील फळधारणा मंदावते. कर्नाटकात 1990च्या दशकारंभी सुरू झालेली लोणच्याच्या काकडीची, म्हणजे गर्किनची, करार शेती याच शिस्तीवर उभी आहे. सुमारे 90 दिवसांच्या या पिकात फळे दररोज तोडावी लागतात, कारण लहान फळास भाव अधिक आणि वाढलेल्या फळास देशी बाजारात फारसे गिऱ्हाईक नाही. 2020-21 मध्ये भारताने काकडी व गर्किनची सुमारे 2 लाख 23 हजार टन निर्यात केली. तीमागे प्रामुख्याने लहान शेतकऱ्यांच्या घरातील हातांचे कष्ट आहेत.

घरी मात्र हंगामाच्या शेवटी साध्या वाणाचे एक निरोगी फळ पिवळेजर्द होईतो राखून बी धरता येते. संकरिताचे धरू नये. शेजारी मंगळूर सौतेचा वेल असला तरी चिंता नाही, त्या दोहोंचा संकर होत नाही.