हरणाचे गोठित रेत

मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येस वसलेल्या ईडन प्रेरी या उपनगरात, मिनेसोटा नदीच्या काठच्या झाडीतून वावरणारी श्वेतपुच्छ हरणे तेथील रहिवाशांच्या नित्य परिचयाची असली, तरी त्याच जातीची हरणे अमेरिकेत कुंपणात पाळली जातात, आणि भव्य शिंगांच्या नराचे रेत गोठवून शेकडो कोसांवरील माद्यांसाठी विकले जाते, हे ऐकून आपल्याकडील वाचकास नवल वाटेल. वास्तविक ही विद्या आपल्या गोठ्यापर्यंत केव्हाच पोचली आहे. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी सिद्ध केलेल्या रेताच्या कांड्या द्रव नत्राच्या पात्रातून खेडोपाडी जातात, आणि गाय माजावर आली म्हणजे शेतकरी डॉक्टरांना कांडी भरण्यासाठी बोलावतो.

या विद्येचा उगम बाटलीवरील एका चुकीच्या चिठ्ठीत आहे. 1949 साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचे रेत फळशर्करेच्या द्रावणात गोठवू पाहत असता, एरवी मरून जाणारे शुक्राणू एका बाटलीतील द्रावणाने जिवंत राहिले. शोध घेता त्या बाटलीत शर्करा नसून ग्लिसरीन असल्याचे उघड झाले. पाणी गोठताना त्याचे स्फटिक पेशीचे आवरण फाडतात आणि उरलेल्या द्रवात क्षार दाटतात. ग्लिसरीन या दोन्ही आघातांना आवर घालते, तर द्रावणात मिसळलेला अंड्याचा बलक थंडीच्या धक्क्यापासून आवरणाचे रक्षण करतो. पुढे हे रेत बारीक कांड्यांत भरून उणे 196 अंशांच्या द्रव नत्रात ठेवले, की ते वर्षानुवर्षे टिकते.

हरणाच्या बाबतीत मात्र अडचण निराळीच आहे. वळू माणसाच्या हाताळणीला सरावतो. हरिणाला भूल द्यावी लागते, आणि रेत सूक्ष्म विद्युतस्पंदनांनी काढावे लागते. शिवाय ऋतूचा अंमल कडक. मिनेसोटातील नर नोव्हेंबरात माजावर येतो. शिंगे मखमली कातडी टाकून टणक झाली, म्हणजे रेत उत्तम मिळण्याचा काळ आला, आणि हिवाळ्यात शिंगे गळाली की तो संपला. मादीचा माज ठराविक दिवशी यावा म्हणून संप्रेरकांची तजवीजही आधीच करावी लागते.

आपल्या देशात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या वन्यजीव प्रयोगशाळेने चितळाचे रेत गोठवण्याचे प्रयोग केले, आणि तेथे 2006 साली कृत्रिम रेतनातून ‘स्पॉटी’ हे चितळाचे पाडस जन्मास आले. पुढील वर्षी ‘ब्लॅकी’ हे काळविटाचे पाडस. चितळ विपुल आहेत. परंतु काश्मीरच्या दाचीगाममधील हंगुल हरणे जेमतेम काही शे उरली असता, शिंगांच्या आकारासाठी वापरली जाणारी हीच कला अशा जातींच्या दिमतीस लावणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. अर्थात जंगल राखल्यावाचून त्या कांड्यांतून जन्मणाऱ्या पाडसांना चरण्यास जागा उरणार नाही.

एक धोका मात्र गोठवल्याने नष्ट होत नाही. हरणांना झिजवून मारणाऱ्या, मेंदूच्या विकृत प्रथिनांमुळे होणाऱ्या रोगाची ती प्रथिने रोगी नरांच्या रेतातही आढळली आहेत, आणि द्रव नत्राची थंडी त्यांचे काही बिघडवीत नाही. मिनेसोटात हा रोग 2002 साली पाळीव एल्कमध्ये आणि 2010 साली रानच्या हरणांत दिसला. अखेर 2023 साली श्वेतपुच्छ हरणांच्या नव्या पैदासकेंद्रांची नोंदणीच कायद्याने बंद झाली. म्हणून कांडीबरोबर, ते रेत ज्या नराचे, त्याच्या कळपाच्या आरोग्याचे दप्तरही हाती आल्यावाचून ती कोणी भरू नये.