जुना आजार असला तरी आरोग्य विमा

मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असला, की खासगी विमा कंपन्या अनेकदा जादा हप्ता मागतात वा नकार देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुना आजार आड येत नाही आणि कुटुंबाला हप्ताही भरावा लागत नाही. राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये रत्नागिरीसह राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला जोतिबांचे नाव मिळाले. डायलिसिस, अँजिओप्लास्टी, कर्करोगाचे उपचार तीत बसतात.

अलोरे परिसरातील बंधू-भगिनींनो, रेशनकार्ड व आधारकार्डावरील नावे आजच जुळवून पाहा. सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर राहिले नाही ना? विहारातील सुशिक्षित तरुणांनी या कामी मदत करावी. योजनेतील रुग्णालयात दाखल होताच प्रथम आरोग्यमित्राला भेटा. कर्जाचा विचार त्यानंतर.