त्याला जामीन कोण?

१८४१ सालची गोष्ट. अमेरिकेतील बोस्टनच्या न्यायालयात एका अट्टल दारुड्याला शिक्षा व्हायची होती. जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा गृहस्थ पुढे झाला आणि त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तोच माणूस न्यायालयात आला, तो ओळखू येईना! न्यायाधीशांनी एक सेंट दंड करून त्याला सोडले.

आपल्याकडे हाच विचार १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात उतरला आहे. परिवीक्षा म्हणजे माफी नव्हे. गुन्हा शाबीत होतो. पण शिक्षा न सुनावता न्यायालय सद्वर्तनाचा मुचलका लिहून घेते. त्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे. देखरेख मात्र निदान वर्षभराची. मुचलका मोडला, की मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा पुढे उभी! फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही वाट बंद आहे. इतर गुन्ह्यांत २१ वर्षांखालील आरोपीला तुरुंगात धाडायचे, तर कारणे नोंदवावी लागतात. हे योग्यच. पहिल्यांदा घसरलेले पोर तुरुंगात सराईतांचे शागीर्द होऊन बाहेर पडते.

परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरची चौकशी करतो, वागणुकीवर नजर ठेवतो, वेळप्रसंगी कामधंदाही शोधून देतो. एवढेच नव्हे, दोषी ठरल्याने येणारी कायदेशीर अपात्रताही कायदा दूर करतो.

पण कपाळावरचा शिक्का कायद्याने पुसतो. लोकांच्या नजरेतला कोण पुसणार? अशा पोराला उद्या आपण दुकानात उभे करू का? जोडे शिवणाऱ्या त्या गृहस्थाने आपले उत्तर केव्हाच दिले आहे.