प्रिंटर घेताना आधी पानाचा हिशोब

घरासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकत्र करणारा इंकजेट घ्यायचा, तर आधी पानामागचा खर्च काढावा. खोक्यावरची किंमत नंतर. स्वस्त यंत्राचे छोटे काळे कार्ट्रिज बहुधा शे-दोनशे पानांत संपते. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात आणलेल्या शाईच्या टाकीने हे गणित फिरवले. आज ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीत कंपनीच्या हिशोबाने ४,५०० पाने निघतात. यंत्र महाग पडते, पण नेमाने छापणाऱ्याचा तो फरक भरून निघतो.

छपाई क्वचितच असेल तर टाकी कशाला, हा आक्षेप रास्त आहे; पण त्याचे उत्तर स्वस्त कार्ट्रिज नव्हे. शाईत बहुतांश पाणी असते. ते उडाले की शाई फवारणारी केसाहून बारीक छिद्रे बुजतात आणि ती मोकळी करायला यंत्र शाईच खर्च करते. कार्ट्रिजच्या पानांचे आकडे ज्या आयएसओ २४७११ चाचणीतून येतात, तिथे छपाई जवळपास सलग चालते. अधूनमधून छापणाऱ्याला तेवढी पाने मिळत नाहीत. (जाहिरातीत हे ठळक अक्षरांत सापडणार नाही.) यंत्र महिनोन्‌महिने बंद राहणार असेल आणि रंग नको असेल, तर कोरड्या टोनरचा लेझर बरा. एरवी टाकीवाल्या यंत्रावर आठवड्याला एखादे रंगीत पान काढले, तरी छिद्रे सहसा वाहती राहतात.