चामडं गेलं, रबर आलं. जात गेली का?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडं कसं नेसावं यासोबत त्यांनी दागिन्यांचाही विषय काढला. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या चांदीच्या किंवा कथलाच्या गोठ-पाटल्या ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती खूण अंगावरून उतरवा, असं त्यांचं सांगणं होतं. कोणी कोणता धातू घालायचा, कोणी कशाला हात लावायचा, हे या देशात जातीने ठरवलं. त्यामुळे वस्तू कशाची बनते आणि ती कोण बनवतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

आज डिझाइनच्या जगात टाकाऊ टायर, मडकी, रबराचे पत्रे अशा वेगळ्या माध्यमांत काम करणाऱ्या कलावंतांचं कौतुक होतं. गॅलऱ्या त्याला 'प्रयोग' म्हणतात. यातल्या काही कलावंतांसाठी मात्र हे माध्यम म्हणजे थेट जातीचा इतिहास आहे. अशा तीन कलावंतांची ओळख आपल्या वाचकांना असावी, असं आम्हाला वाटतं.

धारावीतली बॅग

२०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. चर्चा सगळी मांसाची झाली, पण चामड्याचं काय, हे फारसं कोणी विचारलं नाही. कच्चा माल आटला आणि धारावीतल्या लहान कारखान्यांत राबणारे दलित व मुस्लिम कारागीर अडचणीत आले.

सुधीर राजभर या मुंबईकर कलावंताने याच कारागिरांना सोबत घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला. चामड्याऐवजी टाकून दिलेल्या टायर-ट्यूबचं रबर वापरायचं, हा त्याचा मूळ विचार. दिसायला रबर चामड्यासारखं काळं आणि लवचीक. पण चामड्यावर बसलेला हात रबरावर तसाच चालत नाही. रबर ताणलं जातं. टाके फार जवळजवळ किंवा कडेला घेतले, तर ते भोकापासून फाटतं. म्हणून नक्षीकाम टाळून साधी घडी, सरळ रेषा आणि मजबूत शिवण यांवर भर येतो. रापी आणि आरी चालवणाऱ्या माणसाचं कसब तेच राहतं, माल बदलतो.

राजभर स्वतः चमार जातीचे नाहीत. उत्तर प्रदेशातल्या मूळ गावी 'चमार' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, हे ते सांगत आले आहेत. अपमान करण्याच्या हेतूने कोणाला असं संबोधणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. तोच शब्द त्यांनी बॅगेवर छापला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'डिझाइन मायामी' प्रदर्शनात गायिका रिहाना या स्टुडिओच्या खुर्चीवर बसलेली दिसली आणि हे नाव जगभर गेलं. मार्च २०२५ मध्ये राहुल गांधींनी धारावीत येऊन कारागिरांसोबत काम पाहिलं.

उतरंड आणि रबराचे पत्रे

कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्रभाकर कांबळे हे आंबेडकरी विचारांचे कलावंत. 'उतरंड' हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. घरात एकावर एक रचलेली मडकी म्हणजे उतरंड आणि जातिव्यवस्थेलाही आपण उतरंडच म्हणतो. कांबळे यांनी मडकी आणि इतर वस्तू रचून या नावाची शिल्पं केली. २०२२ च्या बर्लिन बिएनालेमध्ये ती जगाने पाहिली. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता इथे डोळ्यांना दिसते. प्रत्येक मडकं खालच्यावर भार टाकतं आणि वरच्याचा भार सोसतं.

तिसरे कलावंत केरळचे साजन मणी. रबराच्या झाडांचा चीक काढणाऱ्या दलित कुटुंबात ते वाढले. त्याच नैसर्गिक रबराच्या पत्र्यांवर ते चित्रं छापतात, तसंच दलित समाजसुधारक पोयकयिल अप्पच्चन यांची गाणी आपल्या कलाकृतींत आणतात. २०२१ मध्ये त्यांना बर्लिन आर्ट प्राइझ मिळालं. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मग आक्षेप कशावर?

जातीने लादलेली कामं सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितलं. मेलेली ढोरं ओढणं आपल्या आधीच्या पिढ्यांनी सोडलं आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली. त्यानंतर गुजरातमध्ये अनेकांनी हे काम करणार नाही, अशी शपथ घेतली आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. अशा वेळी जातीच्या कामाला 'कला' म्हणून गौरवणं ही माघार नाही का, असं आपल्यातले काही जण विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

आमच्या मते उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, निवड. कारागिराच्या मुलाला हे काम करायचं नसेल, तर दुसरा रस्ता खुला आहे का? दुसरी, मालकी. मोठ्या किमतीतला वाटा शिवणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो का? उत्पन्नातला वाटा चमार फाउंडेशनमार्फत कारागिरांकडे जावा, अशी भूमिका या स्टुडिओने घेतली आहे. ती प्रत्यक्षात किती उतरते, हे कारागिरांनाच विचारत राहायला हवं. तिसरी, नाव. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर ते घेतलं. त्या वादातही राज्याच्या अभिमानाची चर्चा मोठी झाली, चर्मकाराची लहान.

या तिन्ही गोष्टी असतील, तर ते काम जातीचं राहत नाही, माणसाचं होतं. त्या नसतील, तर रबराची बॅगसुद्धा जुनीच गुलामी नव्या दुकानात मांडते.

धम्मात याचं मूळ आहे

टाकाऊ वस्तूला मान देणं बौद्ध परंपरेला परकं नाही. लोकांनी फेकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून भिक्खू चीवर करत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. विनयपिटकात अशी कथा आहे की भगवान बुद्धांनी मगधातली बांधाबांधांची शेतं पाहिली आणि तसं चीवर करता येईल का, असं आनंदाला विचारलं. आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखवलं आणि बुद्धांनी त्याची प्रशंसा केली. आजही चीवरावर ते शेतांचे चौकोन दिसतात. त्या संघात न्हावी उपाली होता, भंगी सुनीत होता आणि शाक्य राजपुत्रही होते. चीवर सगळ्यांचं एकच होतं. माध्यम टाकाऊ आणि ते वापरणारे समान, ही कसोटी आपल्याला तिथूनच मिळते.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण मूर्ती, बिल्ले, पिशव्या विकत घेऊ. विकणाऱ्याला इतकंच विचारू या, हे कोणी बनवलं आणि त्याला काय मिळालं? आपल्या वस्तीतल्या कलावंतांना त्या स्टॉलवर जागा मिळावी, यासाठी संयोजकांनीही पुढाकार घ्यावा. पुस्तकांच्या स्टॉलनी आपल्याला वाचतं केलं, तसे हे स्टॉल आपल्या कारागिरांना नाव मिळवून देऊ शकतात.

जय भीम, नमो बुद्धाय.