दयाधिकार
दयाधिकार : न्यायालयाने दिलेली शिक्षा माफ करण्याचा, तहकूब ठेवण्याचा, तीत सूट देण्याचा किंवा ती सौम्य करण्याचा शासनप्रमुखाचा अधिकार. क्षमेने शिक्षा संपुष्टात येते. सौम्यीकरणाने तिच्या जागी कमी कठोर शिक्षा येते, उदा., देहान्ताऐवजी जन्मठेप. ब्रिटनमध्ये राजाचा विशेषाधिकार मानला गेलेला हा अधिकार भारतीय संविधानाने राष्ट्रपती (अनुच्छेद ७२) व राज्यपाल (अनुच्छेद १६१) यांना दिला आहे. राज्यपालाने तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वापरावयाचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात (१९८०) स्पष्ट केले.

दयेच्या अर्जाच्या निर्णयास व त्यानंतरच्या अंमलबजावणीस लागणारा विलंब हा या व्यवस्थेतील मोठा दोष होय. मृत्यूच्या छायेत वर्षानुवर्षे ठेवणे ही यातनाच असून अवाजवी विलंब झाल्यास देहान्त शिक्षा सौम्य करता येते, असे शत्रुघ्न चौहान खटल्यात (२०१४) ठरले.

पुण्यातील एका खटल्याने हा दोष ठळकपणे पुढे आणला. १ नोव्हेंबर २००७ रोजी कामावर निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या मोटारीचा चालक व त्याचा साथीदार यांनी बलात्कार करून तिचा खून केला. पुणे सत्र न्यायालयाने २०१२ मध्ये दोघांना देहान्त शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ मध्ये कायम केली. राज्यपालांनी २०१६ मध्ये व राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले. परंतु फाशीचे वॉरंट एप्रिल २०१९ मध्ये निघाले. या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये शिक्षा सौम्य करून ३५ वर्षांच्या कारावासाची केली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन भगिनींची देहान्त शिक्षाही २०२२ मध्ये अशाच कारणास्तव जन्मठेपेत परिवर्तित झाली. दोन्ही प्रसंगी शिक्षा सौम्य झाली ती करुणेने नव्हे, तर कार्यालयीन विलंबाने. त्यात कैद्यांना वेळेवर निर्णय मिळाला नाही आणि मृतांच्या आप्तांनाही निश्चिती लाभली नाही.

सुधारणा : पुण्याच्या खटल्यातील उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी कायम केला आणि सर्व राज्यांना निर्देश दिले. त्यांनुसार गृह किंवा कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, त्यास विधी व न्याय विभागाचा अधिकारी जोडावा आणि तुरुंगाकडे आलेला अर्ज कक्षाकडे तत्काळ पाठवावा. वॉरंट कैद्यास मिळाल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवसांचे अंतर असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही (कलम ४७२) अर्ज करण्यास ३० दिवसांची आणि राज्यपालांनी नकार दिल्यास राष्ट्रपतींकडे जाण्यास ६० दिवसांची मुदत घातली आहे. राज्यपाल वा राष्ट्रपती यांनी निर्णय किती काळात द्यावा, याची मर्यादा मात्र तीत नाही.